साकव न घातलेलं साल

विसू,

काल तुझा तेरावा झाला. वडे खुसखुशीत झाले होते. तू असतास तर चार जास्त हाणले असतेस आणि वर मलाच दटावलं असतंस, "भिकाजी, बेतानं खा हां, तुजां पोट काय माज्यासारखां नाय." सगळं गाव जेवून गेलं. मी पानावर बसलो आणि तसाच उठलो. कुणी आग्रह केला नाही ते बरं झालं.

दुपारी देवळाच्या मंडपात पंच जमले. मी, मोहल्ल्यातले कासमभाई आणि बाकीचे दोघे. तुझ्या जागेवर कुणी बसेना. तू नेहमी टेकायचास तिथला भिंतीचा चुना तुझ्या पाठीनं निघालाय. त्या डागाकडे सगळे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. मी एक ठराव मांडला आणि सवयीनं तिकडे मान वळवली, आता हा काय आडवं लावतोय म्हणून. कुणी ब्र काढला नाही. ठराव मंजूर झाला. आपल्या पंचायतीत इतक्या मुकाट्यानं मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ठराव कोणता ते सांगतो, पण शेवटी. तुला धीर कधी धरता आला नाही, आता तरी धर.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण भांडणाशिवाय आपण दुसरं केलं काय? शाळेत पाटीवरून भांडलो, विटीदांडूवरून भांडलो, तू मुंबईला गोदीत कामाला गेलास तेव्हा आगबोटीच्या धक्क्यावर उभं राहून भांडलो. मी म्हणत होतो जाऊ नकोस. पांढऱ्या मिशा घेऊन परत आलास तेव्हा म्हणालो, आता कशाला आलास. तू पडवीत टोपली टेकवलीस आणि म्हणालास, "तुज्याशी भांडायला मुंबयत कोन गावला नाय." मी आत जाऊन चहा टाकायला सांगितला. डोळे पुसायला आत गेलो होतो, हे तुला तेव्हाच कळलं असणार.

आपल्या भांडणाचं मूळ तो पऱ्याच. गावाच्या मधोमध जाणारा एवढासा ओढा. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात पोरं खेळतात, आणि आषाढात तोच असा फुगतो की म्हैस पाय घालायला धजत नाही. अलीकडे आपली वाडी आणि देऊळ. पलीकडे शाळा, मोहल्ला आणि मसणवट. पावसाळ्यात पलीकडे जायचं तर साकव हवा, नाहीतर डोंगरावरून लांबचा वळसा. म्हणून दर साली मृगाच्या आधी साकव घालायचा. पात्रात लाकडी मेढी रोवायच्या, त्यांवर पोफळीची लांब खोडं टाकायची, वर बांबू, आणि सगळं सुंभाच्या दोरानं आवळायचं. घरटी एक जण आलाच पाहिजे. खोत असो, कूळ असो, सुट्टी नाही. आणि चांगला पूर आला की एका रात्रीत ते सगळं खाडीत.

त्यातली आपल्या गावची खरी रीत बाहेरच्याला सांगितली तर हसतो. ज्या दोघांचा अबोला असेल त्यांनी एकाच खोडाची दोन टोकं धरायची. खोड खांद्यावर असताना 'थांब', 'वळ', 'टेकव' एवढं तरी एकमेकांशी बोलावंच लागतं. बांधाबांधावरचे किती तंटे त्या पात्रात मिटलेले मी पाहिलेत. आपला अबोला कधी नव्हता, आपला रोग उलटा. तरी तू गावात असशील त्या साली मानाचे गावकर आपल्याला एकच खोड द्यायचे, निदान ओझ्याखाली तरी दोघांची तोंडं बंद राहतील म्हणून. राहिली नाहीत. एका टोकाला तू, एका टोकाला मी, आणि मधलं खोड वळवळतंय हे गावानं दर साली पाहिलं.

गेल्या गणपतीनंतर तू सरपंच झालास. हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही तुझ्यासाठी हात वर केला आणि घरी येताना बायकोला म्हटलं, आता काही खरं नाही. खरंच नव्हतं. कोंडवाडा सुरू झाला आणि त्यात कोंडलेलं पहिलं जनावर तुझीच म्हैस. माझ्या पोफळीच्या वाडीत शिरली होती. मी नुसतं हाकलून दिलं असतं, पण तूच दाव्याला धरून तिला नेलीस. म्हैस आत रेकत होती, तू बाहेर उभा राहून तिला समजावत होतास, "बाय माजे, कायदा हाय." लोक पोट धरून हसले. पण त्यानंतर कोंडवाड्यावरून कुणी कुरकूर केली नाही. मग विहिरी उपसल्या, देवळाकडून खाली उतरणारी पाखाडी नीट केली. निसरड्या पायऱ्यांवर कितीजणांची कंबर मोडली होती, त्यांनी तुला दुवा दिला. मी म्हणालो, छान चाललंय, आता गप्प बस. आणि तू पुलाचं काढलंस.

"जां काम दरसाल करायला लागतां, त्यां काम नाय रे, ती शिक्षा हाय," मंडपात उभा राहून म्हणालास. जांभ्याचा चिरा आपल्या सड्यावर हवा तेवढा, चुना खाडीच्या शिंपल्यांचा, हात गावचे. मधे एक खांब, दोन बाजूंना दोन कमानी. मुंबईत पाहिलेल्या पुलांची वर्णनं ऐकून कासमभाईंचे डोळे चमकायला लागले. त्यांची हयात गलबतांवर गेलेली, बांधकाम म्हटलं की ते हरखतात. मी एकटा विरोधात. मी म्हणालो, वर्षातनं एक दिवस सगळं गाव एका जागी येतं ते ह्या साकवामुळे. दगडाचा पूल झाला की त्याला कुणाची गरज उरणार नाही. मग बसा आपापल्या पडवीत तोंडं फिरवून.

तू म्हणालास, "पुलाला मानसाची गरज कशाला होवी? मानसाला पुलाची हाय नां, बास."

मी अजून म्हणतो की माझं बरोबर होतं. तुझंही होतं, पण ते मी तेव्हा म्हणालो नाही आणि आता म्हणून उपयोग नाही.

एक गोष्ट तू त्या सबंध सालात एकदाही तोंडावर आणली नाहीस. मंडपात नाही, पाखाडीवर बसलो असताना नाही, खाणीवर घाम पुसताना नाही. तुझी पार्वती यशोदेच्या वेळी अडली त्या श्रावणातली गोष्ट. आदल्या रात्री साकव वाहून गेला होता. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून काय करायचं ते ओरडून सांगत होती. अलीकडच्या काठावर ऐकायला मी उभा होतो. पाण्याच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं, तेवढं घेऊन मी तुझ्या दारापर्यंत धावायचो, आतल्या बायकांना सांगायचो आणि परत काठावर. पोर राहिली, पार्वती गेली. वर्ष सरायच्या आत यशोदेला बहिणीच्या ओटीत घालून तू मुंबईची आगबोट धरलीस.

हे नुसतं एकदा म्हणाला असतास तर मी त्याच घडीला माझं म्हणणं गिळलं असतं. तुला ते माहीत होतं. म्हणूनच म्हणाला नाहीस. माझ्याशी तुला सरळ भांडून जिंकायचं होतं. विसू, एवढा मान मला जन्मात दुसऱ्या कुणी दिला नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग हरलो म्हणून काय घरात बसणार होतो? दिवाळीनंतर सड्यावर चिरे पाडायला मीही आलोच. शिंपल्याची भट्टी लागली, मोहल्ल्यातल्या होडग्यांतून चुना आला. तू पात्रात उभा राहून ओळंबा धरायचास आणि मी काठावरून म्हणायचो, वाकडा आहे. तू परत धरायचास. सरळच असायचा, पण तुला परत धरायला लावण्यात मला मजा यायची. शिमग्यापर्यंत मधला खांब डोक्याएवढा झाला. त्या साली देवाची पालखी पात्रातून नेताना तू ती खांबापाशी टेकवायला लावलीस. गुरव म्हणाला, देवाची वाट ठरलेली असते. तू म्हणालास, "देवाला पन बगू दे की कसा झालाय." मुंबईहून आलेले चाकरमानी खांबाला हात लावून लावून बघत होते. तुझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटेल.

पण शिमग्याचे दिवस गेले, आंब्याचे आले, गाव बागांत पांगलं. वैशाख सरत आला तरी कमानी चढायच्या होत्या. आणि मग आपल्या सगळ्या भांडणांचा बाप असलेलं ते भांडण झालं. मी म्हणालो, कमानी ह्या साली होत नाहीत, साकव घालून घेऊ. तू म्हणालास, नाही. साकव घातला की लोक निर्धास्त होणार, पूल पुढच्या सालावर जाणार, आणि पुढचं साल कधी येत नसतं. सगळे हात कमानीला लागले तर मृगाच्या आत काम होईल. मी म्हणालो, आणि नाही झालं तर? तू म्हणालास, "व्हनार." पंचांनी तुझ्या बाजूनं हात वर केले. गाव वसल्यापासून पहिल्यांदा पऱ्यावर साकव पडला नाही.

पाऊस लवकर आला. कमानीचे लाकडी साचे उभे राहायच्या आत पात्र भरलं आणि मधे तुझा तो एकटा खांब उभा राहिला. गाव बोललं, बोलणारच. मी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं, तुला माझं बोलणं सोसलं असतं. गप्प बसलेला भिकाजी तुला सोसला नाही.

कासमभाईंनी दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला. पाणी कमरेखाली असलं की शाळेच्या पोरांना खांद्यावर घेऊन तू पलीकडे पोचवायला लागलास. सकाळी एकदा, दुपारी एकदा. सरपंच गावचा आणि धंदा माणसं पार उतरवणाऱ्या तारवाल्याचा. मी एकदा काठावर छत्री घेऊन उभा होतो. न राहवून म्हणालो, "साकव असता तर ही पाळी आली नसती." डोक्यावरून पाणी निथळत होतं, खांद्यावर कुणाचं तरी पोर तुझे कान धरून बसलेलं. तू हसलास. "मग मी कशाला हाय?"

त्यातच ताप धरला. यशोदा पलीकडच्या वाडीत दिलेली. बापाचं कळल्यावर भर पावसात डोंगराच्या वाटेनं वळसा घालून आली. दोन काठांवर राहणारी बापलेक, एकमेकांच्या घरचा धूर दिसायचा आणि ह्या पावसाळ्यात भेट नाही. तिनं काढे दिले, पाय चोळले. मी रोज संध्याकाळी यायचो. शेवटच्या संध्याकाळी तुझा आवाज खोल गेला होता.

"भिकाजी, दिवाळी झाली की कमान."

"आधी साकव," मी म्हणालो.

तू डोळे मिटलेस. वाटलं झोपलास. मग म्हणालास, "आज दम नाय रे. उद्या ये. उद्या भांडू."

पहाटे यशोदेनं हाक मारली.

आता तुला तू गेल्यावरचं सांगतो. पाऊस कोसळत होता. पऱ्या दोन्ही काठ धरून चालला होता. तुझ्या पडवीत माणसं खाली माना घालून उभी. तिरडी डोंगरावरून न्यायची म्हटलं तर संध्याकाळ होणार, वाट निसरडी, आणि सरपंचाला असा रानोमाळ फिरवायचा ही कल्पना कुणालाच सोसवेना. कुणी साकव शब्द उच्चारला नाही. कुणी उच्चारायचा? मी कोयता घेतला आणि माझ्या वाडीत गेलो. दर साली आपण वाळकी, म्हातारी पोफळ शोधायचो. त्या दिवशी शोधायला वेळ नव्हता, फळ धरत्या पोफळींवर घाव घातला. दुसरी पडायच्या आत मागे वळून बघितलं तर गाव उभं होतं. बोलावणं गेलं नव्हतं, दवंडी नव्हती. घरटी एक जण.

काठावर पहिलं खोड उचलायची वेळ आली. सवयीनं मी एका टोकाशी जाऊन वाकलो. दुसऱ्या टोकाशी कुणी येईना. सगळ्यांना माहीत होतं ती जागा कुणाची ते. मी तसाच वाकून राहिलो, मान वर करायचं धैर्य होईना. मग गर्दीतून कुणाचा तरी आवाज आला, "अगो पोरी, तुला सुतक."

यशोदा पदर खोचून तुझ्या टोकाशी उभी होती.

"घरटी एक जण नां, काका?" ती म्हणाली. "आमच्या घरातनं मी."

साकवाच्या कामाला बाईमाणूस आलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. कुणी अडवलं नाही. मी म्हटलं, "उचल." तिनं उचललं. "वळ," मी म्हणालो. "वळलं," ती म्हणाली. तू कधी सरळ वळायचा नाहीस, ती वळली, आणि मला हुंदका आवरला नाही.

पण पाण्यात मेढी रोवणार कशा? पात्रात पाय ठरत नव्हता. मधे आधार नसेल तर पोफळीचं खोड झुलतं, रिकामं माणूस जेमतेम जाईल, तिरडी नाही. पलीकडच्या काठावर कासमभाई मोहल्ल्यातली माणसं घेऊन उभे होते. त्यांनी हात वर केला. "भिकाजी! दोर टाकतंय, धर!" दोर आला, खोडाच्या नाकाला बांधला. आम्ही रेटलं, त्यांनी ओढलं, आणि खोड सरकत सरकत जाऊन मधे टेकलं. तुझ्या खांबावर. सगळ्या गावानं ज्याला रांडाव, बिनजोडीचा, म्हणून नाव ठेवलं होतं त्या खांबाचा माथा पाण्याच्या वर होता आणि पाणी त्याला धडका देऊन दोन बाजूंनी जात होतं. मग दुसरं खोड, तिसरं, बांबू, दोर. कासमभाईंनी मधली गाठ स्वतः येऊन मारली. त्यांची दाढी भिजली होती, पावसानं का कशानं ते मी विचारलं नाही.

मडकं घेऊन तुझा पुतण्या पुढे गेला. साकव अरुंद, खांदेकरी चौघे मावेनात. पुढचं टोक एकानं घेतलं, मागचं मी. आयुष्यभर तू माझ्या दुसऱ्या टोकाला होतास, त्या दिवशी मधे होतास आणि जरासुद्धा हालत नव्हतास. खोडं पायाखाली झुलत होती. मनात म्हटलं, आता गेलो दोघेही, बरंच झालं. आणि एकदम झुलणं थांबलं. पायाखाली घट्ट लागलं. क्षणभर कळेना काय झालं. मग कळलं की मी तुझ्या खांबावर उभा आहे. ओळंबा परत परत धरायला लावला होता ना मी, तोच खांब. केसभर वाकडा नव्हता.

तुला पोचवून परतताना कुणीतरी म्हणालं, प्रेतासाठी घातलेला साकव ठेवू नये, तोडून टाका. यशोदा काठावरच बसून होती. ती म्हणाली, "उद्या शाळा हाय." दुसऱ्या दिवशी पोरं त्यावरून शाळेत गेली. त्यातलं एक मधे थांबलं, खाली वाकून खांबाला हात लावला आणि पळालं. यशोदाही आता त्याच वाटेनं येते, तुझ्या अंगणात दिवा लावते आणि अंधाराच्या आत घरी जाते. इतकी जवळची वाट होती बघ.

आता तो कालचा ठराव. दिवाळी झाली की कमान. मीच मांडला. घरटी एक जण, आणि ज्यांचा अबोला असेल त्यांना एकच चिरा उचलायला द्यायचा, एवढं माझं म्हणून त्यात घातलं. त्यावर तू काहीतरी बोलशील म्हणून मी थांबलो होतो. कासमभाईही थांबले होते.

पाऊस जरा उघडलाय. हे लिहून झालं की मी पऱ्यावर जाऊन बसणार आहे, रोज बसतो. 'उद्या भांडू' म्हणाला होतास. किती उद्या आले. मी माझं म्हणून टाकतो, शेवटी तुला नेला तो साकवानंच. आता तुझी पाळी. तू म्हण, साकव टेकला कशावर? म्हण की, खांब माझा. एकदा म्हण की रे.